किल्ल्यावरची चित्रं, टेबलावरची लढाई

दिवाळी तोंडावर आली की कसब्यातला कुंभारवाडा आणि शनिवारवाड्याजवळचे रस्ते किल्ल्यावरच्या चित्रांनी भरून जातात. सिंहासनावर बसलेले महाराज, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, मावळे, घोडेस्वार, तोफा, डोक्यावर माठ घेतलेली गवळण, जात्यावर बसलेली बाई, भाजीवाली आणि गुहेत बसवायचा वाघ किंवा सिंह. हे पुस्तक या चित्रांबद्दल आहे. ती घरी कशी घडवावीत, त्यांचा साचा कसा काढावा, साच्यात रेझिन कसं ओतावं आणि अशी तयार झालेली फौज टेबलावर उतरवून एखादी लढाई कशी खेळावी, हे त्यात क्रमाने सांगितलं आहे.

टेबलावरची लढाई हा प्रकार आपल्याकडे अजून थोड्यांनाच माहीत आहे, म्हणून आधी तोच सांगतो. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, गाव, तटबंदी मांडायची. दोन्ही बाजूंच्या सैन्याच्या छोट्या मूर्ती ठेवायच्या. मग ठरलेल्या नियमांनी, टेपने अंतर मोजत आणि फासे टाकत लढाई पुढे न्यायची. घोडदळ एका डावात किती इंच जाईल, चढावर किती जाईल, तोफेचा गोळा कुठवर पोचेल, किती मार बसल्यावर तुकडीचा धीर सुटेल, हे सगळं नियमांत असतं. बुद्धिबळाचं मैदान सपाट, चौसष्ट घरांचं आणि दोन्ही फौजा अगदी सारख्या. इथे मैदान उंचसखल आणि फौजा विषम. थोडी माणसं, अवघड जमीन आणि समोर मोठी फौज, ही शिवकालातल्या कितीतरी लढायांची मांडणी आहे. हा खेळ मराठी माणसाच्या हाताला लवकर बसेल असं मला वाटतं ते त्यामुळेच.

तशी ही मांडामांड पुण्याच्या पेठांना नवी नाही. नारायण पेठेत वाडे होते तेव्हा किल्ला चौकात किंवा मागच्या अंगणात व्हायचा. दगड-विटा रचायच्या, त्यांवर गोणपाट टाकायचं, मातीचा राडा थापायचा, वर अळीव किंवा मोहरी पेरायची आणि चार दिवसांत डोंगराला हिरवळ फुटायची. आज केसरीवाड्यापासून मोदी गणपतीपर्यंत आणि पत्र्या मारुतीपासून नदीकाठापर्यंत हिंडलं तर बहुतेक वाड्यांच्या जागी इमारती दिसतात. किल्ला मात्र टिकला. तो पार्किंगच्या कोपऱ्यात, जिन्याखाली, नाहीतर सोसायटीच्या फाटकाशी येऊन बसला. काही घरी तो तयार विकत आणला जातो. पण कुठल्याही किल्ल्यावर लढाईच्या टेबलाचं बहुतेक सामान हजर असतं: भूगोल, फौज, तोफा, चढायच्या वाटा. फक्त पुढे काय होणार, हे कुणी विचारत नाही. मावळे पहिल्या दिवशी जिथे उभे केले तिथेच तुळशीच्या लग्नापर्यंत उभे असतात. त्यांना हलवायचं, तर गनीम कुठून येईल आणि कोणती वाट आधी रोखावी, हे ठरवावं लागतं. ते एकदा ठरवायला घेतलं की चित्रांकडे बघायची नजरच बदलते.

बाजारातला प्लास्टरचा एक मावळा हातात घेऊन नीट पाहा. कानापासून खांद्यावरून कमरेपर्यंत एक बारीक उंचवटा उतरलेला दिसेल. रंगाखालीही तो बोटाला लागतो. ही सांध्याची रेघ. साच्याचा पुढचा आणि मागचा भाग जिथे जुळतो तिथे प्लास्टर किंचित बाहेर येतं. आता ढाल बघा, ती छातीला नाहीतर पोटाला चिकटलेली आहे. तलवारीचा हात उगारलेला असला तरी तो बाजूला उगारलेला आहे, समोर आलेला नाही. दोन पायांमधे फट असायला हवी तिथे प्लास्टरचा पडदा आहे. भाला असेल तर तो तारेचा, मागाहून खोचलेला. कारागिराच्या हातात कसब असतंच, पण साचा कडक असला की मूर्ती त्यातून सरळ बाहेर यावी लागते. पुढे आलेला हात, मागे वळलेलं मनगट, काखेतली पोकळी साच्यात अडकते. मग मूर्ती तरी मोडते, नाहीतर साचा. आपल्या मावळ्यांचा पवित्रा असा साच्याने ठरवला आहे, आणि तो आपल्या डोळ्यांत इतका बसला आहे की मावळा असाच उभा राहत असे, असं आपण धरून चालतो.

सिलिकॉन रबराने ही अडचण बरीचशी दूर केली. दोन द्रव मापात एकत्र करून मूर्तीभोवती ओतायचे. काही तासांत त्याचं लवचीक रबर होतं. ते वाकतं, ताणलं जातं, अडलेल्या मनगटाला वाट देतं आणि पुन्हा जागेवर येतं. मूर्तीवर राहिलेला बोटाचा ठसासुद्धा ते जसाच्या तसा उचलतं. अशा साच्यातून रेझिनच्या डझनावारी मूर्ती निघतात. हात हवा तसा वळवा, गुडघा टेकवा, मान मागे फिरवा, साचा तक्रार करत नाही.

पण साचा हवं ते करू देतो म्हटल्यावर हवं काय, हे आपल्याला सांगावं लागतं. बोलताना ‘मावळा’ एवढं म्हटलं की भागतं. तांब्याच्या तारेचा सांगाडा वळून त्यावर एम-सील चढवायला बसलं की प्रश्न सुरू होतात. ढाल हातात की पाठीवर? पायांत काही आहे की अनवाणी? मुंडासं कसं बांधलंय? कमरेला काय खोचलंय? तोड्याची बंदूक असेल तर पेटती वात कोणत्या हातात आहे, आणि कड्यावर चढताना तिचं काय केलं? शब्दांत जे मोघम ठेवता येतं ते मातीत ठेवता येत नाही. हाताला कुठेतरी थांबावंच लागतं, आणि जिथे तो थांबला ते आपलं उत्तर ठरतं. त्या उत्तराचा साचा निघाला की त्याच्या प्रती होतात. मूळ मूर्तीवर तलवार चुकीच्या घाटाची असेल, तर तीच तलवार साऱ्या पलटणीच्या हातात जाते आणि भेट म्हणून चार घरी पोचते. म्हणून या पुस्तकात साचा काढण्यापेक्षा त्याआधीच्या कामाला जास्त पानं दिली आहेत.

सिंहगड घ्या. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा प्रसंग दिवाळीच्या किल्ल्यावर पुष्कळदा मांडला जातो. डोणागिरीचा कडा उभा केला की पहिला सवाल येतो: घोरपड करायची का? सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत कडा चढून जाणारे मावळे आहेत. घोरपड आपल्याला पोवाड्याने दिली. घोरपड करूच नये असं माझं म्हणणं नाही. मुलांना ती हवीच असते. पण मग शेजारी ‘हा पोवाड्यातला सिंहगड आहे’ अशी पाटी लावावी. पुण्यात पाटी लावायला कुणी हरकत घेत नाही. गुहेतल्या सिंहाचंही तेच. सह्याद्रीच्या घाटांत वाघ होते, बिबटे आहेत, सिंह नव्हता.

मूर्तींइतकीच तटबंदीचीही चौकशी करावी लागते. पुठ्ठ्याचा तट कापताना वर सारखे चौकोनी दात काढायचा मोह होतो, कारण किल्ला म्हणजे परदेशी गोष्टींच्या पुस्तकातलं चित्र डोक्यात असतं. त्यापेक्षा राजगडाच्या संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी करून पाहा. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा राहतो आणि मधल्या चिंचोळ्या जागेत शिरलेला शत्रू कोंडला जातो, हे हाताने केल्यावर जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा दडवलेला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. समोरून तोफ लावायला जागाच उरत नाही. लोहगडाच्या विंचूकाट्याची लांबलचक सोंड तटाने का बांधून काढली असेल, हे ती सोंड मोकळी सोडून एक डाव खेळलात तर लक्षात येईल. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. राजगड, रायगड आणि लोहगड तिघेही त्या यादीत आहेत. या तिन्ही किल्ल्यांचे कागदी आराखडे पुस्तकाच्या मधल्या भागात दिले आहेत.

मापाबद्दल मात्र इथेच बोलायला हवं, कारण नवशिक्याची सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. बाजारातला मावळा साधारण ५ सेंटिमीटर उंच असतो. खरा माणूस साडेपाच फूट धरला तर हे प्रमाण सुमारे १:३३ झालं. सिंहगडाचा माथा समुद्रसपाटीपासून १३०० मीटरच्या थोडा वर आहे आणि पुणे शहर ५६० मीटरवर, म्हणजे गड आपल्या डोक्यावर साडेसातशे मीटर उभा आहे. मावळ्याच्या प्रमाणात तो करायचा तर २२ मीटर उंच करावा लागेल. सात मजली इमारतच झाली. उलट बाजूने हिशेब करा. किल्ला पाऊण मीटर उंच असेल तर प्रमाण १:१००० होतं आणि त्यावरचा मावळा दीड-पावणेदोन मिलिमीटरचा, म्हणजे डोंगरावर पेरलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा. मुलं हा हिशेब न करताच योग्य तडजोड करतात: माणसं एका मापाने, डोंगर दुसऱ्या मापाने. टेबलावरच्या लढाईतही जाणते खेळाडू हेच करतात. जमिनीचं प्रमाण वेगळं आणि मूर्तीचं वेगळं ठेवतात, आणि एक मूर्ती म्हणजे वीस किंवा पन्नास माणसं असं मानून चालतात.

हीच तडजोड जगात सगळीकडे करावी लागते, हे दाखवायला मी सरावाच्या धड्यासाठी मुद्दाम परकी वस्तू निवडली आहे: दुसऱ्या महायुद्धातला अडथळ्याचा फुगा. ब्रिटनने १९३८ साली अशा फुग्यांसाठी हवाई दलात स्वतंत्र विभागच उभारला. हायड्रोजनने भरलेला, सुमारे ६२ फूट लांब, २५ फूट जाड असा हा फुगा पोलादी दोराने जमिनीला बांधून पाच हजार फुटांपर्यंत सोडायचे. दोराला धडकण्याच्या भीतीने शत्रूची विमानं खाली येत नसत, आणि वरून टाकलेला बॉम्ब नेमका पडत नसे. लंडनच्या आकाशात हे फुगे शेकड्यांनी होते. जपानी हल्ल्यांच्या काळात ते कलकत्त्यावरही तरंगत होते. महायुद्धाच्या लढाया टेबलावर खेळणारे आज हे फुगे रेझिनमधे ओततात. १:३०० या प्रमाणात फुगा भरतो सव्वासहा सेंटिमीटरचा, आणि पाच हजार फुटांचा दोर होतो पाच मीटर! म्हणजे फुगा छत फोडून वरच्या मजल्यावर जाईल. म्हणून तो टेबलापासून वीतभर उंच तारेवर लावतात आणि उंची समजून घेतात. नारायण पेठेतला सिंहगड आणि लंडनवरचा फुगा, दोघांना एकाच कारणासाठी बुटकं व्हावं लागलं आहे.

साचा शिकायलाही फुगा उत्तम. त्याला चेहरा नाही, हात नाहीत, वेशभूषेचा वाद नाही. पोट गुबगुबीत आणि मागे तीन शेपट्या: दोन बाजूंना, एक खाली. मूळ आकृती प्लॅस्टिसिनमधे अर्धी बुडवायची आणि सांध्याची रेघ बाजूच्या दोन शेपट्यांच्या कडेकडेने न्यायची. मग खालची शेपटी साच्याच्या खालच्या भागातून सरळ निघते, कुठे अडत नाही. प्लॅस्टिसिनमधे पेन्सिलीच्या बुडाने चार खळगे करायचे, म्हणजे साच्याचे दोन भाग पुढे एकमेकांत बसतात. पहिला भाग घट्ट झाला की त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवून दुसरा ओतायचा. तो हात विसरलात तर दोन भागांचा एकच ठोकळा होतो. रेझिन नाकाकडून ओतायचं आणि हवा जायला प्रत्येक शेपटीच्या टोकाशी बारीक वाट ठेवायची. हवा कोंडली तर शेपटी अर्धीच येते. फुगा धातूचा का ओतत नाहीत, हेही करताना कळतं. रेझिन पाण्यापेक्षा जेमतेम जड असतं, कथिल सातपट. कथिलाचा भरीव फुगा बारीक तारेवर ठेवला तर तार वाकते. फुगा जमला की मावळ्याकडे वळावं.

साहित्याबद्दल पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, तरी तीन गोष्टी इथेच सांगतो. पहिली हवामानाची. पॉलियुरेथेन रेझिन काही मिनिटांत घट्ट होतं, पण त्याचा पाण्याशी छत्तीसचा आकडा आहे. हवेतली ओल लागली की त्यात वायू तयार होतो आणि मूर्तीच्या अंगावर फोड येतात. पुण्यात आषाढ-श्रावणात त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. इपॉक्सी सावकाश, बहुधा रात्रभर घेतं, पण ओलीला त्यामानाने सोसतं. उन्हात ठेवलं तर पिवळं पडतं, म्हणून रंग चढवूनच बाहेर काढावं. दुसरी गोष्ट मापाची. दोन द्रवांचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, ते वजनाचं आहे की आकारमानाचं हे आधी वाचा. अंदाजाने ओतलेलं रेझिन आठवडाभर चिकट राहतं. ओतण्याआधी साच्यात चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरून झटकली तर ते बोटांच्या बेचक्यांतही शिरतं. तिसरी गोष्ट सुरक्षेची. किल्ला हे मुलांचं काम, पण रेझिन ओतणं मोठ्यांचंच. हातमोजे, उघडी खिडकी, घासताना तोंडाला मास्क, आणि स्वयंपाकघरातली वाटी-चमचा अजिबात नाही. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा अंगाला लागली की ती सहसा जात नाही. मुलांनी मूळ मूर्ती शाडूत घडवावी आणि शेवटी रंगवावी. खरी मजा त्या दोन टोकांनाच आहे.

पुस्तकाचा शेवटचा भाग खेळाचा. या खेळाला मोठी परंपरा आहे. प्रशियाच्या रायसवित्स नावाच्या तरुण लेफ्टनंटाने १८२४ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशा, फासे आणि पंच असा युद्धखेळ सिद्ध केला. १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने खेळण्यातल्या शिपायांनी घरात लढाई खेळायचे नियम पुस्तकरूपाने छापले. मी दोघांकडूनही घेतलं आहे. वेल्सकडून सोपेपणा घेतला, रायसवित्सकडून पंच. पंच का लागतो, हे आपल्या उशाशी झालेल्या एका लढाईवरून समजतं. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला बापू गोखल्यांचं घोडदळ इंग्रजांच्या रांगेवर चालून गेलं आणि समोरच्या न दिसणाऱ्या दलदलीत विस्कळीत झालं. आता ही दलदल टेबलावर निळ्या-हिरव्या रंगात मांडून ठेवली, तर गोखल्यांच्या बाजूने खेळणारा शहाणा मुलगा वळसा घालून जाईल आणि लढाई खडकीची राहणारच नाही. म्हणून दलदल फक्त पंचाच्या नकाशावर असते. घोडे तिथे पोचले की पंच सांगतो. दुसरा बाजीराव लढाई पर्वतीवरून पाहत होता, म्हणून त्याची भूमिका घेणाऱ्याला शेजारच्या खोलीत बसवायचं आणि चिठ्ठ्यांनी हुकूम पाठवायला लावायचे. हुकूम पोचेपर्यंत दोन डाव उलटून जातात. पराभवाची कारणं पाठ करण्यापेक्षा हे दोन डाव जास्त शिकवतात.

पुस्तकात सिंहगड, पुरंदरचा १६६५ चा वेढा, २ फेब्रुवारी १६६१ ची उंबरखिंड आणि खडकी अशा चार लढाया मांडून दिल्या आहेत. पानिपत घेतलेलं नाही. तेवढ्या फौजा ओतायला लागणारं रेझिन आणि ते मांडायला लागणारं टेबल पेठेतल्या दोन खोल्यांत मावत नाही. आरमारही सोडलं आहे. गलबतांच्या डोलकाठ्या आणि शिडं हा साच्याचा स्वतंत्र विषय आहे. ज्यांना नुसता दिवाळीचा किल्ला करायचा आहे त्यांनी पहिले तीन भाग वाचले तरी पुरे. ज्यांच्या हाताशी मूर्ती आहेतच त्यांनी थेट शेवटच्या भागाकडे जावं. मधले आराखडे मात्र दोघांनीही चाळावेत.

कुंभारवाड्यातल्या ज्या कारागिरांनी आपले साचे उघडून दाखवले, सांधा कुठून न्यायचा हे बोटाने आखून दाखवलं, त्यांचा मी ऋणी आहे. ज्या मुलांनी नियमांतल्या पळवाटा शोधून काढल्या त्यांचाही. पुस्तकातले निम्मे नियम त्या पळवाटा बुजवण्यासाठीच आहेत. वाचकांना एकच विनंती. चुका दाखवायला आपल्या पेठेत माणसांची वाण नाही, आणि या विषयात ती सवय फार उपयोगाची आहे. म्हणून मूळ मूर्ती तयार झाली की सिलिकॉन कालवण्याआधी ती चार जाणकारांपुढे ठेवा. मुंडाशावर, तलवारीवर, ढालीवर काय वाद घालायचा तो पुराव्यासकट तेव्हाच घाला. साचा निघाल्यावर आलेली सूचना कितीही बरोबर असली, तरी ती पुढच्या दिवाळीला.

नारायण पेठ, पुणे ३०
कोजागरी पौर्णिमा